वगळण्याचे कारण

वाचणी नेहमीप्रमाणे शनिवारी दुपारी ठेवली होती. बाजार बंद, फोन गप्प, आणि खालच्या वह्या-कागदांच्या दुकानाचे शटर अर्धे ओढलेले. बाबांना जाऊन इतकी वर्षे झाली, त्यांच्या शेअरदलालीच्या पेढीत संगणक आले, खुर्च्या बदलल्या, भिंतींना दोनदा रंग लागला, तरी त्यांचा एक नियम कोणी मोडला नव्हता. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या नियामकाकडे जाणारा कोणताही फॉर्म आधी एकाने मोठ्याने वाचायचा, आणि सही करणाऱ्याने प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आपल्या तोंडाने, पूर्ण वाक्यात द्यायचे. नुसते 'हो' किंवा 'नाही' चालायचे नाही. "जे तोंडाने म्हणवत नाही ते लिहायचं नाही," असे बाबा म्हणत, आणि तासाभरात स्वतःच कंटाळून चहा मागवत.

पेढीत नव्याने लागलेल्यांना हा पोरखेळ वाटे. घरच्यांना तसे वाटून घेण्याची सोयच नव्हती.

आज टेबलावर तिमाहीचे जोखीम विवरण होते. पेढीचे भांडवल किती, कोणाचे शेअर तारण घेऊन कोणाला पैसे दिले आहेत, उद्या भाव गडगडले तर कोण कोणाला घेऊन बुडेल, हे सगळे त्यात मांडायचे. ते भरायचे काम ताईचे. पेढीत नियम पाळले जातात की नाही हे बघण्यासाठी तिची नेमणूक होती. खरे तर घरात ती लहानपणापासून हेच करत आली होती, पगार तेवढा नंतर सुरू झाला.

"वहिनी येतेय," तिचा धाकटा भाऊ म्हणाला.

कागद सारखे करता करता ताईचा हात थांबला. "कुठे?"

"इथे. वाचणीला."

"तू बोलावलंस?"

"मग काय, आपोआप येतेय? मीच बोलावलं. तिच्याकडून एवढी एक ओळ सही करून घेतली की तुझा रकाना भरला, माझा नवा ग्राहक मार्गी लागला आणि आईचे शेअर वाचले. सगळ्यांचंच भलं."

त्याने एक कागद तिच्याकडे सरकवला. ताईने तो वाचला. 'माझा सदर कुटुंबाशी कोणताही कौटुंबिक अथवा आर्थिक संबंध राहिलेला नाही.'

"सदर कुटुंब," ती म्हणाली. "हे तू लिहिलंस?"

"वकिलाकडून घेतलं."

"लहानपणी तुझं गणित कोण घ्यायचं, ते सांगितलंस का वकिलाला?"

"ताई, तू तरी बोलू नकोस. तिच्या लग्नाला तू आली नव्हतीस. मी गेलो होतो."

हे खरे होते, म्हणून ताईला झोंबले. थोरला भाऊ वारल्यावर दोन वर्षांनी वहिनीने दुसरे लग्न केले. नोंदणी कार्यालयात, चार माणसांत. ताईला आमंत्रण होते. ती गेली नाही. आपला भाऊ इतक्या लवकर कोणी विसरू शकते हे तिला सहन झाले नव्हते, आणि त्या दिवसापासून ती वहिनीला 'तुम्ही' म्हणू लागली होती. त्याआधी दोघींचे 'तू' होते, अगदी एकमेकींच्या चपला घालून जाण्याइतके. आईने काहीच केले नाही. तिने फक्त एवढेच सांगितले, "यादीतून तिचं नाव काढ." ताईने काढले होते.

ती यादी म्हणजे या विवरणातला पाचवा तक्ता. एकाच घरातल्या माणसांची पेढीतली खाती एकत्र मोजायची, कारण बुडायची वेळ आली तर ती एकत्रच बुडतात. या सगळ्यांच्या खात्यांतल्या शेअरची आजच्या भावाने होणारी बेरीज भांडवलाच्या पंचवीस टक्क्यांवर जाता कामा नये. गेली तर नवीन ग्राहक घेणे बंद, आणि बेरीज खाली येईपर्यंत शेअर विकत सुटायचे. ताईच्या घरच्यांची सगळी खाती एकाच सिमेंट कंपनीच्या शेअरने भरली होती. ते थोरल्याने घेतले होते, सगळे त्याला हसत असताना, आईच्या नावावर, भावंडांच्या नावावर आणि स्वतःच्या; त्याचे स्वतःचे पुढे वहिनीच्या खात्यात आले. त्याच्या पश्चात भाव वाढतच गेला आणि त्याबरोबर बेरीजही. वहिनीचे खाते सोडले तर ती मर्यादेच्या जेमतेम आत होती, धरले तर बाहेर. आणि या तिमाहीपासून नियामकाने तक्त्याखाली एक नवा रकाना जोडला होता: यादीतून वगळलेल्या व्यक्ती व वगळण्याचे कारण.

"मी तिच्यावर रागावलेय म्हणून फॉर्मात काहीही लिहू का?" ताई म्हणाली. "राग माझा आहे. फॉर्म पेढीचा आहे."

"काहीही कुठाय? लग्न झालं तिचं. घर वेगळं, आडनाव वेगळं. आता ती आपली कोण?"

"हे तू म्हणतोयस?"

धाकट्याने खिडकीबाहेर बघितले. "फॉर्मपुरतं म्हणतोय," तो म्हणाला.

*

जिन्याच्या शेवटच्या वळणावर वहिनी थांबली आणि पदर सारखा केला. निघताना तिने साडी बदलली होती, मग पुन्हा पहिलीच नेसली होती. नवरा वर्तमानपत्राआडून बघत होता. सरकारी नकाशे काढणारा शांत माणूस. त्याने फक्त विचारले होते, "घरी बोलावलंय की ऑफिसात?"

"ऑफिसात."

"मग जपून."

ती हसली होती. पण दोन वर्षांत पहिल्यांदा त्या घरातून बोलावणे आले होते, आणि फोनवर धाकटा म्हणाला होता की आईपण असेल. वाटेत तिने मनाशी पुष्कळ काही जुळवले होते. आईंचा गुडघा कसा आहे विचारायचे. रडायचे नाही.

आत सगळे तसेच होते. लांब टेबल, एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला दार. खिडकीकडच्या खुर्च्या पेढीच्या माणसांच्या, दाराकडच्या ग्राहकांच्या. लग्न होऊन या घरात आल्यावर ती खिडकीकडे, कपाटाला लागून असलेल्या खुर्चीत बसायची आणि फॉर्ममधली ऱ्हस्व-दीर्घ तपासायची. या कुटुंबाचे आकडे कधी चुकत नसत, पण वेलांटी आणि उकार यांच्याशी त्यांचे पिढीजात वाकडे होते. थोरला तर स्वतःच्या पेढीच्या नावातली वेलांटीसुद्धा बायकोला विचारून देई.

ती उभीच राहिली. कोणी खिडकीकडे बोलावले नाही. मग ती दाराकडच्या खुर्चीत बसली.

"चहा घेणार तुम्ही?" ताईने विचारले.

"नको. आई?"

"येतेय. जिना हळू चढते हल्ली."

धाकट्याने कागद पुढे केला आणि पेन शोधायचे निमित्त करून मान खाली घातली. वहिनीने वाचले. तिने सवयीने आधी शुद्धलेखनच पाहिले, ते बरोबर होते. मग अर्थ पाहिला.

"ह्यासाठी बोलावलं होतंस?"

"फॉर्मपुरतंच आहे गं, वहिनी. तुझे शेअर तुझेच राहतात, कशाला हात लागत नाही. फक्त बेरजेत तू येत नाहीस."

"मला वाटलं, आईंनी बोलावलंय."

धाकटा खणात पेन शोधत राहिला. वहिनीला फार वाईट वाटले, आणि त्याहून वाईट वाटले ते याचे, की वाईट वाटण्याचा आपल्याला आता हक्क आहे की नाही हेच तिला कळेना. तिने पर्समधून पेन काढले.

"सही कुठे करायची?"

"थांबा," ताई म्हणाली. "वाचणी झाल्याशिवाय ह्या टेबलावर सही होत नाही. हे तुम्हाला मी सांगायला नको."

*

आई आली ती भिंतीला हात टेकत. दारातच तिला वहिनीची पाठ दिसली. अंबाडा तसाच, किंचित डावीकडे कललेला.

"आलीस?" आई म्हणाली. कोणाला उद्देशून, ते कळले नाही. वळसा घालून ती खिडकीकडे मधल्या, सही करणाऱ्याच्या खुर्चीत बसली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "वाच."

ताई वाचू लागली. "पहिला प्रश्न. पेढीचे स्वतःचे भांडवल मागील तिमाहीपेक्षा कमी झाले आहे काय?"

"पेढीचं भांडवल मागच्या तिमाहीपेक्षा कमी झालेलं नाही."

"ग्राहकांचे पैसे पेढीच्या स्वतःच्या व्यवहारांसाठी वापरले गेले आहेत काय?"

"ग्राहकांचा एक पैसाही पेढीने स्वतःच्या व्यवहारांसाठी वापरलेला नाही. आणि माझ्या हयातीत वापरणार नाही."

"दुसरं वाक्य फॉर्मात बसत नाही, आई."

"नसू दे. ऐकून ठेवा तुम्ही."

धाकट्याला क्षणभर हायसे वाटले. आईचा सूर चांगला लागला होता. बाजारजोखमीचा तक्ता झाला, तारणाचा झाला. चवथ्या तक्त्याला आईने पाणी मागितले. धाकट्याच्या डोक्यात सोमवार फिरत होता. येत्या आठवड्यात एक मोठी संस्था त्यांच्या पेढीत खाते उघडणार होती. त्यासाठी तो वर्षभर खपला होता. थोरल्याच्या सावलीत वाढलेल्या माणसाने स्वतः आणलेला तो पहिला मोठा ग्राहक. त्याला फक्त एक ओळ हवी होती. वहिनीपेक्षा ग्राहक मोठा, असे त्याने कधीच म्हटले नसते. कोणी तसे विचारलेच नव्हते, म्हणून त्याचे चालून गेले होते.

"तक्ता पाचवा," ताई म्हणाली. तिचा आवाज थोडा बदलला. "यादीतून वगळलेली व्यक्ती एक. वगळण्याचे कारण."

आईने पाण्याचा पेला उचलून पुन्हा खाली ठेवला.

"वहिनीचं पत्र आहे ना," धाकटा घाईने म्हणाला. "तेच जोडू. सोबतच्या पत्राप्रमाणे, असं लिही."

"जोडू. पण त्याच्याआधी पोटप्रश्न आहे, आणि तो खातेदारालाच विचारायचा आहे." ताईने वहिनीकडे पाहिले नाही, कागदाकडेच पाहत वाचले. "सदर व्यक्तीच्या खात्यातील खरेदी-विक्रीचे निर्णय कोणाच्या सांगण्यावरून घेतले जातात?"

"ती स्वतः घेते," धाकटा म्हणाला.

"तुझं खातं आहे का हे?"

वहिनीने पेनचे टोपण लावले, काढले. "पूर्ण वाक्यात?"

"पूर्ण वाक्यात."

"माझ्या खात्यातले निर्णय," ती म्हणाली आणि थांबली. मग समोर पाहून म्हणाली, "माझ्या खात्यातले निर्णय आईंच्या सांगण्यावरून होतात."

"काय?" धाकटा खुर्चीत पुढे आला. "काहीतरीच काय, वहिनी! आई तुझ्याशी बोलते तरी कुठे?"

"एकदा बोलल्या होत्या. मागच्या वर्षी आम्ही घर घ्यायचं म्हणत होतो, तेव्हा मी शेअर विकायला काढले होते. तुलाच सांगितलं होतं."

"हो, आणि दुसऱ्या दिवशी फिरवलंस. मी म्हटलं, तुला भाव आणखी वाढेलसं वाटतंय."

"मला भावातलं काय कळतं? त्या रात्री आईंचा फोन आला. 'विकू नकोस, त्याचे आहेत,' एवढंच म्हणाल्या, आणि ठेवला."

धाकट्याला आठवले. ती विकतेय हे त्यानेच त्या दिवशी जेवताना सांगितले होते, वाढून घेता घेता, सहज.

"आणि घर?" ताईने विचारले.

"भाड्याचं आहे. बरं आहे तसं. पाणी जरा कमी येतं."

*

आईला तो फोन शब्दन् शब्द आठवत होता, कारण त्यात शब्दच फार नव्हते. तिने 'कशी आहेस' विचारले नव्हते. आवाज ऐकून मन विरघळेल या भीतीने घाईने ठेवून दिला होता. सिमेंटचा तो शेअर तिच्या जिवाला लागून राहिला होता. रोज सकाळी ती त्याचा भाव बघायची, पोराची तब्येत विचारावी तशी. वर गेला तर तिला दिवसभर बरे वाटे. इतकी मुले-माणसे भोवती असताना ती एका कंपनीच्या आकड्यात आपला मुलगा शोधत बसली होती, आणि त्या आकड्यासाठी तिने दुसऱ्याच्या घरावर पाणी सोडायला लावले होते. तेही हुकूम सोडून. आणि ही पोर ऐकून गप्प बसली होती. तिला आता स्वतःची लाज वाटली.

'ती माझी कोणी नाही.' हे वाक्य तिने मनात जुळवून पाहिले. एवढेच तर म्हणायचे होते. मग तक्ता पूर्ण झाला असता, धाकट्याचा ग्राहक आला असता, थोरल्याचे शेअर जिथल्या तिथे राहिले असते.

"ती माझी," आई म्हणाली. पुढे तोंडच उघडेना.

"आई," वहिनी म्हणाली, "मी करते सही. मला राग नाही. तुम्हाला ते ठेवायचेत ना, ठेवा."

"गप्प बस. वाचणी चाललीय, कळत नाही?"

सगळे चपापले. वहिनीचे डोळे मात्र एकदम भरून आले. दोन वर्षांत आई तिच्याशी समोरासमोर पहिल्यांदा बोलली होती, आणि पाहुण्यांशी आई कधी असे बोलत नसे.

"तो खालचा रकाना रिकामा ठेव," आईने ताईला सांगितले. "हिला वरच्या यादीत घे."

"नात्याच्या जागी काय लिहू?"

"ती माझी सून आहे."

"आई, नीट ऐक." ताईने पेन्सिल खाली ठेवली. या क्षणी आईला सगळे स्वच्छ सांगणे हे आपले काम आहे असे तिला वाटले, मुलीचे आणि अधिकाऱ्याचेही. "हिला धरलं की मर्यादा ओलांडते. नवीन ग्राहक बंद होतील. बेरीज खाली येईपर्यंत सिमेंट विकावं लागेल. दादाने घेतलेलं."

"ठाऊक आहे मला. विका."

"पूर्ण वाक्यात," ताई म्हणाली.

"थोरल्याचे," आई म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. ती पाणी प्यायली. पहिल्यापासून पुन्हा म्हणायला हवे होते, नियमच तसा होता. "थोरल्याचे शेअर सोमवारी विका. आणि हिच्या खात्यातले आधी विका. घर घ्यायचंय तिला."

धाकट्याने वकिलाच्या कागदाची घडी घातली. मग आणखी एक. कागद पार बोटाएवढा झाला तरी तो घड्या घालतच राहिला. "त्या संस्थेला मी कळवतो," तो शेवटी म्हणाला. "म्हणतो, पुढच्या तिमाहीत या." मग वहिनीकडे न बघता, "पाण्याचं आधी का नाही सांगितलंस? प्लंबर आहे माझ्या ओळखीचा."

"तू विचारलं नाहीस," वहिनी म्हणाली. पण ते तिने हसून म्हटले, आणि त्यामुळे त्याला जास्तच लागले.

ताई टाइप करू लागली. बेरीज बदलली, टक्के बदलले, पडद्यावरचा हिरवा चौकोन लाल झाला.

"शेवटचा रकाना," ती म्हणाली. "मर्यादा ओलांडली जाण्याचे कारण. शेअरच्या भावातील वाढ, असं लिहिते. सगळे तेच लिहितात."

"कारण ते नाही," आई म्हणाली.

"मग काय लिहू?"

आईने चष्मा काढून हातात धरला. टेबलाच्या पलीकडे, दाराकडच्या खुर्चीत बसलेली बाई तिला आता धूसर दिसत होती.

"सून मोजायची राहून गेली होती, असं लिही."

"आई, हे नियामकाकडे जातं," धाकटा म्हणाला. "असं नाही लिहीत कोणी."

"तोंडाने म्हटलं ना मी? मग लिहायचं."

ताईने अक्षर अक्षर टाइप केले आणि मध्येच थांबली.

"वहिनी," ती म्हणाली, "जरा इकडे येऊन बघतेस? 'सून'मधला सू ऱ्हस्व की दीर्घ?"

वहिनी उठली. टेबलाला वळसा घालून खिडकीकडच्या बाजूला आली, ताईच्या खांद्यावर हात ठेवून वाकली आणि वाचले.

"दीर्घच असतो गं," ती म्हणाली, आणि कपाटाजवळची खुर्ची ओढून बसली.